रिकाम्या काट्याचं शून्य लिहिणाऱ्या साहेबांस

प्रति,
दूध संकलनाच्या यंत्राचं सॉफ्टवेअर लिहिणारे आणि त्यात मिळेल ती सगळ्यांत स्वस्त चिप बसवायला होकार देणारे साहेब,



तुमची माझी ओळख नाही, तरी दीड वर्ष तुम्ही आमच्या घरात मुक्कामाला आहात. वळसंगला, सोलापूर-अक्कलकोट रस्त्यापासून थोडं आत, पत्र्याच्या एका खोलीत माझी आई दूध संकलन केंद्र चालवते. त्या खोलीतल्या टेबलावर तुमची पेटी आहे. काट्याची वायर तिच्यात येते, फॅट मोजणाऱ्या मशीनची वायर तिच्यात येते आणि तिच्यातूनच पावती निघते. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. ही खोड तुमच्या एकट्याची नाही, आणि मला उत्तर माणसाकडून हवं आहे. टोल फ्री नंबरवर माझं भरपूर बोलून झालं आहे.

मे महिन्यातली एक संध्याकाळ सांगतो. साडेसहा वाजले होते आणि पत्रा अजून तापलेला होता. आमच्याकडे मे म्हणजे ४२-४३ अंश. रांगेत पस्तीस-चाळीस माणसं, प्रत्येकाच्या हातात किटली. एका अव्वांची पाळी आली. त्यांच्याकडे एकच पंढरपुरी म्हैस आहे, घर तिच्यावर चालतं. दूध ३.४ लिटर, फॅट ७.२. आईने बटण दाबलं. स्क्रीन हलली नाही. तिने पुन्हा दाबलं. अकरा सेकंदांनी पावती आली आणि तिच्या पाठोपाठ दुसरी पावती आली. एकाच दुधाच्या दोन नोंदी. आई दुसरी नोंद खोडायला गेली तेव्हा पेटी आपोआप बंद पडून पुन्हा चालू झाली. चालू झाल्यावर दोन्ही नोंदी गायब. दूध मात्र मोठ्या कॅनमध्ये ओतून झालं होतं.

रांगेतून एक अण्णा म्हणाले, "काय करालंय रे मशीन तुझं?" त्यांच्या मागून आवाज आला, "मशीन करतंय, का तुम्ही?"

माझी आई बावीस वर्षं दूध घेते आहे. या बावीस वर्षांत तिच्या मापावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. काट्यावर वैधमापन खात्याची मोहर दरवर्षी बसते आणि तो कागद भिंतीवर लावलेला आहे. तरी त्या संध्याकाळी चाळीस माणसांसमोर तिला तो प्रश्न ऐकावा लागला. तिने काही उत्तर दिलं नाही. टेबलाच्या खणातून जुनी वही काढली, अव्वांचं नाव, लिटर आणि फॅट लिहिलं आणि खाली सही केली. अव्वांना सही येत नाही, त्यांनी अंगठा दिला. पत्र लिहायला मी त्या अंगठ्यामुळे बसलो आहे.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आहे. गावात स्टार्टर, इन्व्हर्टर, मोटरचे बोर्ड दुरुस्त करतो. त्या रात्री तुमची पेटी उघडली. बोर्डाच्या कडेला चार बारीक भोकं होती, तुम्ही तपासणीसाठी ठेवलेला दरवाजा. त्याला कुलूपही नव्हतं. तारा डकवल्या, लॅपटॉप जोडला आणि आत शिरलो. नोंदी साठवणारी चिप ४ जीबीची ईएमएमसी, म्हणजे एक फ्लॅश चिप. ९४ टक्के भरलेली. दीड वर्षात चाळीस-पन्नास माणसांचं सकाळ-संध्याकाळचं दूध लिहिलं तर किती जागा लागते? सगळ्या पावत्या मिळून काही एमबी. मग बाकीचं काय भरलं होतं, ते उघडून पाहिलं.

०२:१३:०७ वजन ०.००
०२:१३:०८ वजन ०.००
०२:१३:०९ वजन ०.००

रात्रीचे सव्वादोन. खोलीला कुलूप, काट्यावर काही नाही. आणि तुमची पेटी दर सेकंदाला रिकाम्या काट्याचं शून्य डेटाबेसमध्ये लिहिते आहे. एक ओळ झाली की लगेच चिपला हुकूम देते, हे आत्ताच्या आत्ता पक्कं उतरव, थांबायचं नाही. दिवसाचे ८६,४०० सेकंद, दीड वर्षाचे सगळे दिवस. एकही ओळ कधी पुसलेली नाही, आणि ती कुणी कधी वाचलीही नसणार.

साहेब, यात काय वाईट आहे असं तुम्ही विचारणार नाही. तुम्हाला ते माहीत आहे, फ्लॅशवर काम करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या वर्षात ते शिकवतात. पण हे पत्र दूध घालणाऱ्यांनीही वाचावं असं मला वाटतं, म्हणून ते त्यांच्यासाठी लिहितो.

फ्लॅश चिप ही खोडता न येणारी वही आहे. कोऱ्या पानावर लिहिता येतं. लिहिलेल्या पानावर दुरुस्ती करता येत नाही. एक ओळ बदलायची असेल तर ती नव्या पानावर लिहायची आणि जुनीवर काट मारायची. काट मारलेली पानं पुन्हा कोरी करता येतात, पण एकेक करून नाही, शेकडो पानांचा अख्खा गठ्ठा एकदम. त्या गठ्ठ्यात चार पानं अजून कामाची असतील तर आधी ती दुसरीकडे उतरवून घ्यायची आणि मग गठ्ठा पुसायचा. वाचायला मायक्रोसेकंदांच्या हिशेबात वेळ लागतो. पान लिहायला त्याच्या दहापट किंवा जास्त, आणि गठ्ठा पुसायला कित्येक मिलिसेकंद. चिपमध्ये बसलेला छोटा कंट्रोलर हे सगळं आपल्या नकळत करत असतो. कोरी पानं भरपूर असली की त्याचं काम निवांत चालतं, चिप चपळ वाटते. कोरी पानं संपत आली की एक ओळ लिहायलासुद्धा त्याला आधी उतरवाउतरव आणि पुसापुशी करावी लागते. तोवर बाहेरचा हुकूम दारात उभा. अव्वांच्या पावतीचे अकरा सेकंद तिथे गेले.

हा दोष चिप शोधणाऱ्याचा नाही. जपानमध्ये तोशिबात काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये ही कल्पना जगापुढे मांडली, १९८७ मध्ये तिचा नँड हा प्रकार आला. 'फ्लॅश' हे नाव त्यांच्या एका सहकाऱ्याने सुचवलं, कारण अख्खा गठ्ठा कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा एका झपाट्यात पुसला जातो. म्हणजे गठ्ठ्याने पुसणं हा या वस्तूचा स्वभाव तिच्या नावातच लिहिला आहे. मोबाईल, पेनड्राइव्ह, रेशन दुकानातलं पॉस मशीन, एसटी कंडक्टरच्या हातातलं तिकीट मशीन, सगळीकडे आज तीच आहे. त्या माणसाचे उपकार आहेत.

दुसरी गोष्ट झिजेची. प्रत्येक पेशीत विजेचा इवलासा भार अतिशय पातळ थरामागे कोंडून ठेवलेला असतो. दर पुसण्याला तो थर थोडा झिजतो. एका पेशीत एकच बिट ठेवणाऱ्या महागड्या चिपा लाखभर वेळा पुसणं सोसतात. दोन बिट ठेवणाऱ्या साधारण ३,००० वेळा सोसतात. तुम्ही दुसरी निवडलीत. त्याबद्दलही मी भांडणार नाही. स्वस्त चिपेवर चांगलं यंत्र बनवता येतं, पण तिच्यावर काय आणि किती वेळा लिहायचं याचा विचार करावा लागतो. तो विचार तुम्ही केला नाहीत.

हिशेब मी कागदावर मांडला. एका ओळीत साधारण ६० अक्षरं. दिवसाच्या ओळी जोडल्या तर जेमतेम ५ एमबी. पण प्रत्येक ओळीमागे डेटाबेस आधी आपली कच्ची नोंद लिहितो, मग पक्की लिहितो, मग फाइल सिस्टिम स्वतःची नोंद लिहिते. साठ अक्षरांपायी ३२ केबी उतरतात असं धरलं तर दिवसाला पावणेतीन जीबी. चिपमधली उतरवाउतरव त्याच्यावर आणखी चढते. जागा मोकळी असताना ती चौपट धरा, भरत आल्यावर दहापट. म्हणजे शेवटी शेवटी ५ एमबीच्या शून्यांसाठी दिवसाला २७ जीबी घासली जात होती. ४ जीबीची अख्खी चिप रोज जवळजवळ सात वेळा. चौपटीच्या हिशेबाने ही चिप तीन वर्षं टिकते, दहापटीच्या हिशेबाने चौदा महिने. तुमची वॉरंटी एक वर्षाची आहे. हे ठरवून केलंत असं मी म्हणत नाही. पण ठरवून केलं असतं तरी याहून अचूक जमलं नसतं.

नव्या ईएमएमसी चिपा स्वतःचं वय स्वतः सांगतात, हेही तुम्हाला ठाऊक असेल. आत एक नोंद असते. १ म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत झीज, २ म्हणजे वीसपर्यंत, असं वाढत जातं. ११ म्हणजे अंदाजलेलं आयुष्य ओलांडलं. एका आदेशाने ती वाचता येते. रात्री एक वाजता मी ती वाचली. ११. स्क्रीनकडे बघत बराच वेळ बसून राहिलो. ही संख्या यंत्रात कितीतरी दिवस लिहिलेली होती. तुमच्या सॉफ्टवेअरने ती एकदा वाचून स्क्रीनवर दोन शब्द दाखवले असते, 'दुरुस्ती करा', तरी आई आधीच वही घेऊन बसली असती.

वेगाचं बोलू. तुमच्या माहितीपत्रकात 'वेगवान स्टोरेज' असं छापलं आहे. तुम्ही तो वेग मोजलाही असेल. कोऱ्या चिपेवर, एसीच्या खोलीत, एक मोठी फाइल सलग लिहून. बाजारात मेमरी कार्डावर १० चा आकडा छापतात तोही असाच, सलग लिहिताना सेकंदाला १० एमबी. आमचं काम सलग लिहिण्याचं नाही. एक पावती, एक छोटी नोंद, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा एक नोंद. अशा सुट्या, छोट्या लिहिण्यात कोणतं कार्ड किती तग धरतं हे सांगणारी ए१ आणि ए२ अशी वेगळी प्रतवारी २०१६-१७ मध्ये कार्डांना आली, ती या फरकामुळेच. मी लॅपटॉपवर तासभर पाहत होतो. बहुतेक नोंदी दहा-वीस मिलिसेकंदांत उतरत होत्या. मधेच एखादी चार सेकंद घेई, एखादी नऊ. सरासरी काढली तर तुमची चिप पास होते. पण रांगेतल्या माणसाची गाठ सरासरीशी पडत नाही. त्याची गाठ त्या नऊ सेकंदांशी पडते. आणि तुम्ही लिहिण्याचं काम आणि बटणाचं काम एकाच माणसाच्या गळ्यात बांधावं तसं बांधलं आहे. चिप थांबली की स्क्रीन थांबते. स्क्रीन थांबली की माणूस पुन्हा बटण दाबतो. बराच वेळ हालचाल नाही म्हटल्यावर तुम्हीच बसवलेला पहारेकरी पेटी बंद करून पुन्हा चालू करतो, तेही नोंद अर्धी लिहिलेली असताना. अव्वांच्या दोन नोंदी आधी झाल्या आणि मग गेल्या, त्या अशा.

वर आमचं ऊन. तापलेल्या चिपेत कोंडलेला भार लवकर गळतो, झिजलेल्या चिपेत त्याहून लवकर. वर जाणारी-येणारी लाइट. तुम्ही बोर्डावर एक बरासा कपॅसिटर ठेवला असतात तर लाइट गेल्यावर चालू नोंद पुरी करायला पेटीला क्षणभर वेळ मिळाला असता. त्या कपॅसिटरची जागा बोर्डावर छापलेली आहे, सी४७ अशी खूण आहे आणि दोन टाके मोकळे आहेत. म्हणजे कुणाच्या तरी डोक्यात ते आलं होतं. नंतर कुणीतरी काढलं. ते तुम्ही काढलंत की तुमच्याकडून काढून घेतलं, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

अशी चूक मोठमोठ्यांकडून झाली आहे. 'नासा'ची स्पिरिट ही गाडी जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरली आणि तीन आठवड्यांच्या आत गप्प झाली. पुन:पुन्हा बंद होऊन चालू होत होती, आमच्या पेटीसारखीच. तिच्या फ्लॅशमध्ये फायलींची गर्दी झाली होती, त्यांची यादी सांभाळायला मेमरी पुरत नव्हती. कोट्यवधी किलोमीटरवरून त्या लोकांनी तिला फ्लॅशला हात न लावता चालू व्हायला सांगितलं, मग जुन्या फायली काढल्या, फ्लॅश नव्याने मांडली आणि गाडी चालती केली. काय चुकलं ते जगाला उघड सांगितलं. तिकडे रस्त्यावरच्या गाड्यांतही हेच झालं. टेस्लाच्या २०१८ पर्यंतच्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्यांत ८ जीबीची ईएमएमसी होती. सततच्या लिहिण्याने ती झिजली, मधला मोठा पडदा बंद पडू लागला आणि त्याबरोबर मागचा कॅमेराही. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने बोट ठेवलं आणि २०२१ च्या फेब्रुवारीत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

आमच्या पेटीवर बोट ठेवायला कोण आहे? वैधमापनचा माणूस काटा तपासतो, आणि चोख तपासतो. काटा ३.४ दाखवतो. ते ३.४ पुढे पेटीत जाऊन टिकतं की नाही, हे तपासायचं काम कुणाचंच नाही. दुधाचं बिल दहा दिवसांचं निघतं, आणि ते काट्यावरच्या आकड्यावर निघत नाही. ते तुमच्या चिपेत शिल्लक राहिलेल्या आकड्यावर निघतं. ज्याच्या गोठ्यात एकच म्हैस आहे त्याच्या दहा दिवसांतलं एक वेळचं दूध गेलं म्हणजे काय गेलं, हे तुमच्या पगारातून एक दिवस वजा करून मोजता येईल.

आता तुम्ही काय करायला हवं होतं ते लिहितो, कारण यात अवघड काहीच नाही. काटा रिकामा असताना काही लिहायचं नाही. दूध आलं की वाचन रॅममध्ये धरायचं, पावती झाली की एकच पक्की नोंद चिपवर उतरवायची. महिन्याहून जुना कच्चा लॉग पुसायचा, आणि पुसलेली जागा मोकळी झाल्याचं चिपला आठवड्यातून एकदा कळवायचं. नुसती फाइल काढून टाकली तर चिपला ते कळत नाही, ती मेलेली पानंसुद्धा जपत बसते. चिपेतला थोडा भाग एका पेशीत एक बिट अशा पद्धतीने वापरायची सोय ईएमएमसीत आहे. जागा निम्मी होते, आयुष्य कितीतरी वाढतं. पावत्यांना तेवढी जागा रग्गड आहे. आणि दर सेकंदाला काही लिहायचंच होतं, तर त्यासाठी एफरॅम नावाची चिमुकली चिप मिळते. विजेच्या मीटरमध्ये ती वापरतात. तिला गठ्ठ्याने पुसणं लागत नाही आणि झीज जवळपास नाही. हे सगळं करायला तुम्हाला एक आठवडा पुरला असता. मला तीन रात्री लागल्या, तेही बाहेरून, तुमचा मूळ प्रोग्राम हातात नसताना.

मी काय केलं तेही सांगतो. सगळ्या पावत्या पेनड्राइव्हवर उतरवल्या. शून्यांचा तो ढीग काढून टाकला. मोकळी जागा चिपला कळवली. लॉग रॅममध्ये वळवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावती बटणाबरोबर बाहेर आली, आणि आईने तीन-चार वेळा उगाचच बटण दाबून पाहिलं. पण त्या नोंदीतला ११ चा आकडा काही खाली आला नाही. झिजलेला थर परत येत नाही. ही पेटी आता कोणत्याही दिवशी बसेल. तुमच्या कंपनीने चिप बदलून द्यायला नकार दिला आहे. अख्खा बोर्ड घ्या म्हणतात, नव्या यंत्राच्या निम्म्या किमतीला. त्या बोर्डावर तीच चिप आहे आणि तिच्यात तोच प्रोग्राम आहे. मी विचारून घेतलं.

माझं मागणं एवढंच आहे. त्या प्रोग्रामची दुरुस्ती तुम्ही करा आणि ती ज्या-ज्या गावात तुमची पेटी आहे तिथे पोचवा. सगळ्या गावांत बोर्ड उघडून तारा डकवणारा माणूस नसतो. ज्या केंद्रांवर नोंदी गेल्या तिथे केंद्रचालकाला लेखी पत्र द्या, की दोष यंत्राचा होता. हे पत्र मला माझ्या आईसाठी हवं आहे. त्या दिवशी रांगेत ज्याने विचारलं होतं, त्याला ते दाखवायचं आहे. तो वाईट माणूस नाही. त्याचंही दूध दोनदा असंच गेलं होतं, ते नंतर कळलं. आईने दोन्ही वेळचे पैसे स्वतःच्या खिशातून दिले. अव्वांचेही दिले. त्या पैशाची पावती या पत्राला जोडली आहे.

तुमची पेटी टेबलावर आहे, तिच्या शेजारी वही आहे. आई आता दोन्हीकडे लिहिते. एका माणसामागे पाऊण मिनिट जास्त जातं आणि त्याबद्दल कुणी कुरकुर करत नाही. पाच वाजत आले आहेत, मला कॅन धुवायला जायचं आहे.

आपला,
केंद्र चालवणाऱ्या बाईंचा मुलगा
वळसंग, ता. दक्षिण सोलापूर